प्रशिक्षणाने ज्ञान वाढले का? गृहीतक चाचणीची निवड व पद्धत

प्रशिक्षणापूर्वी आणि प्रशिक्षणानंतर शेतकऱ्यांची ज्ञानचाचणी घेण्याची पद्धत अनेक कृषी विज्ञान केंद्रांत रुळली आहे. अहवालात मात्र ‘सरासरी गुण ११ वरून १३ झाले’ एवढेच नमूद केले जाते. ही वाढ खरी आहे, की गुणांत एरवीही होणाऱ्या चढउताराचा तो भाग आहे, हे त्या वाक्यातून कळत नाही. त्यासाठी मानसशास्त्रीय संख्याशास्त्रातील गृहीतक चाचणीचा आधार घ्यावा लागतो. या चाचण्यांचा शेतीशी संबंध जुना आहे. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये टी-चाचणीचा पाया घालणारे विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरीस होते आणि बार्लीच्या प्रयोगांशी त्यांचा निकटचा संबंध होता. त्या लेखातील एक उदाहरण मात्र शेतीतले नव्हते. झोपेच्या औषधांमुळे दहा रुग्णांना किती अधिक झोप लागली, याच्या नोंदी त्यांनी त्यात वापरल्या होत्या.

चाचणी निवडण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. नोंद गुणांच्या स्वरूपात आहे की ‘केले / नाही केले’ अशा गणनेच्या स्वरूपात? आणि तुलना त्याच व्यक्तींची आहे की वेगवेगळ्या व्यक्तींची? दुसऱ्या प्रश्नाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून तो उदाहरणाने पाहू.

समजा, सोयाबीन बीजप्रक्रियेवरील प्रशिक्षणास दहा शेतकरी आले. वीसपैकी त्यांचे आधीचे गुण ६, १४, ९, ११, १७, ८, १२, १५, ७, ११ आणि त्याच क्रमाने नंतरचे गुण ८, १७, १०, १५, १७, ११, १४, १४, १०, १४ असे आहेत. शून्य गृहीतक असे, की प्रशिक्षणामुळे सरासरी गुणांत फरक पडत नाही. पर्यायी गृहीतक असे, की फरक पडतो. सार्थकता पातळी ५ टक्के ठरवावी, आणि ती आकडे हाती येण्यापूर्वी ठरवावी. निकाल पाहून पातळी बदलणे म्हणजे पीक कापून झाल्यावर प्रयोगाचा आराखडा आखण्यासारखे आहे.

शेतकरी तेच असल्याने येथे जोडीची टी-चाचणी लागू होते. प्रत्येकाचा फरक काढावा : २, ३, १, ४, ०, ३, २, −१, ३, ३. बेरीज २०, मध्य २. मध्यापासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज २२ येते. तिला ९ ने भागून वर्गमूळ घेतल्यास प्रमाण विचलन १.५६ मिळते. त्यास १० च्या वर्गमूळाने भागले की प्रमाण त्रुटी ०.४९४ येते. टी = २ ÷ ०.४९४ = ४.०५. नऊ स्वातंत्र्यांशांसाठी कोष्टकातील द्विपुच्छ मूल्य २.२६२ आहे. काढलेले मूल्य त्याहून अधिक असल्याने शून्य गृहीतक नाकारले जाते.

हेच आकडे कोणी दोन स्वतंत्र गट समजून तपासले, तर टी केवळ १.३३ येते. अठरा स्वातंत्र्यांशांचे कोष्टकमूल्य २.१०१ असल्याने ‘प्रशिक्षणाचा परिणाम दिसला नाही’ असा निष्कर्ष निघेल. शेतकऱ्या-शेतकऱ्यांतील मूळचा फरक (एकाला ६ गुण, दुसऱ्याला १७) मोठा असल्याने लहानशी पण बऱ्यापैकी सातत्यपूर्ण वाढ त्यात झाकली जाते. जोडी लावल्याने तो फरक वजा होतो. शेजारशेजारच्या वाफ्यांत दोन वाणांची तुलना करणाऱ्यास हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच पूर्वचाचणीच्या कागदावर नाव किंवा क्रमांक असणे अत्यावश्यक आहे. निनावी कागद गोळा केल्यास जोडी कायमची हरवते.

अभिवृत्ती ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा एकाच प्रश्नावर मोजली असेल, किंवा फरकांत एखादा आकडा फारच वेगळा असेल, तर क्रमांकांवर आधारित विलकॉक्सन चाचणी अधिक सुरक्षित ठरते. व्याख्यान, प्रात्यक्षिक आणि चित्रफीत अशा तीन पद्धतींची तुलना करताना दोन-दोनच्या तीन टी-चाचण्या करू नयेत. परस्परांपासून स्वतंत्र अशा तीन चाचण्यांत निदान एक चुकीचा ‘सार्थक’ निकाल मिळण्याची शक्यता सुमारे १४ टक्क्यांपर्यंत जाते. तेथे प्रसरण विश्लेषण वापरावे.

अवलंबनाची मोजणी असल्यास काय-वर्ग चाचणी. समजा, ४० प्रशिक्षितांपैकी २६ जणांनी व ४० अप्रशिक्षितांपैकी १६ जणांनी बीजप्रक्रिया केली. फरक नसता तर प्रत्येक गटात २१ जणांनी ती केली असती व १९ जणांनी केली नसती. चारही घरांतील ५ चा फरक वर्ग करून अपेक्षित संख्येने भागल्यास बेरीज ५.०१ येते. एका स्वातंत्र्यांशाचे मूल्य ३.८४१ असल्याने संबंध सार्थक आहे. एखाद्या घरातील अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी असेल, तर फिशरची अचूक चाचणी घ्यावी.

सार्थक निकालाचा अर्थ मर्यादित आहे. प्रशिक्षणास स्वतःहून येणारा शेतकरी बहुधा आधीच जिज्ञासू असतो. त्यामुळे काय-वर्ग चाचणी संबंध दाखवते, कारण सिद्ध करत नाही. पहिल्या उदाहरणातही तीच प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा सोडवल्याने गुण वाढले असण्याची शंका उरते. ती दूर करायची तर प्रशिक्षण न घेतलेल्या गटाचीही दोनदा चाचणी घ्यावी लागेल. अहवालात केवळ ‘सार्थक’ हा शब्द न लिहिता वाढीचे मान द्यावे : सरासरी वाढ २ गुण, ९५ टक्के विश्वास अंतराल ०.९ ते ३.१. वीसपैकी एक गुण वाढला की तीन, यावर पुढील प्रशिक्षणाचा खर्च योग्य ठरतो की नाही, हे अवलंबून असते.