रंगभूमीवरचा सिद्दी

सिद्दी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शत्रूच उभा राहतो. १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर आणि जंजिऱ्याचा सिद्दी, हे दोघे पोवाड्यांतून आणि ऐतिहासिक नाटकांतून आपल्याला भेटतात. आम्ही भायखळ्याचे. शेजारचे माझगाव १६८९ साली सिद्दी याकूतखानाने घेतले होते, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. पण ही माणसे मुळात आपल्या किनाऱ्यावर आली कशी, हे माझ्या वाचनातले एकही मराठी नाटक सांगत नाही.

काही खलाशी म्हणून आली, काही शिपाई म्हणून. पुष्कळशी मात्र विकून आणलेली होती. पूर्व आफ्रिकेतून अरब आणि पुढे पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी गलबते भरभरून माणसे आणली. निजामशाहीचा मलिक अंबर त्यांतलाच. इथिओपियात जन्मलेला हा मुलगा हातोहात विकला जात बगदादमार्गे दख्खनेत पोहोचला. त्याला इथे विकत घेणारा सरदार चंगीझखान हाही हबशीच होता! याच अंबराने १६१० साली खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. एवढे नाट्य ज्याच्या आयुष्यात, त्याच्या वाट्याला आपल्या रंगभूमीवर प्रवेश का नसावा?

अमेरिकेत हे काम गाण्याने केले. १९०३ साली न्यूयॉर्कला ‘इन डाहोमी’ हे संगीत नाटक लागले. ते लिहिणारे, संगीत देणारे आणि वठवणारे सारे कृष्णवर्णीय होते. डाहोमी हे पश्चिम आफ्रिकेतले राज्य. तिथून हजारो माणसे गुलाम म्हणून विकली गेली होती.

आपल्याकडे साधन नाही असे कोणी म्हणू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिले आणि ते निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. तोच विचार पुढे सत्यशोधक जलशांनी ढोलकीवर खेडोपाडी नेला. आंबेडकरी जलसे तर मुंबईतल्या चाळीचाळींतून झाले. माझे आजोबा अशा एका जलशात ढोलकी वाजवीत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. पण ‘गुलामगिरी’ हा शब्द आमच्या घरी पुस्तकातून आला नाही, गाण्यातून आला.

सिद्दींची स्वतःचीही कला आहे. गुजरातेत भडोच जिल्ह्यातील रतनपूरला बावा गोर यांचा दर्गा आहे. तिथले सिद्दी ‘गोमा’ किंवा ‘धमाल’ करतात. पायांवर उभा राहणारा मुगरमान नावाचा मोठा ढोल, भोपळा बांधलेले धनुष्यासारखे मलुंगा, नारळाच्या करवंटीचा खुळखुळा अशी वाद्ये. लय संथ सुरू होते आणि चढत जाते. मग नाचणारा नारळ उंच फेकतो आणि तो खाली येताना डोक्यावर झेलून फोडतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात त्या नारळाला. ‘गोमा’ हा शब्द मात्र आफ्रिकेतल्या स्वाहिलीतील ‘न्गोमा’ आहे, म्हणजे ढोल आणि नाचही. समुद्र ओलांडताना जवळचे सगळे गेले, ढोलाचे नाव राहिले.

याला नाटक म्हणावे का? काहीजण नाही म्हणतील. पण सिद्दींना घेऊन नाटकही झालेले आहे. १९८० च्या दशकात हेग्गोडूच्या नीनासम् या संस्थेच्या चिदंबरराव जंबे यांनी उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी कलावंतांकडून चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’चे कन्नड रूपांतर करवून घेतले. आफ्रिकेची कादंबरी आफ्रिकी वंशाच्याच भारतीयांनी उभी केली!

या जिल्ह्यातील पुष्कळ सिद्दींचे पूर्वज गोव्यातील पोर्तुगीजांच्या तावडीतून निसटून जंगलात शिरले, असे मानतात. ‘डमाम’ हा त्यांचा ढोल. त्यांची बोली कोंकणी-मराठीच्या जवळची आहे. मलिक अंबरावर जलशाच्या धाटणीचा वग कोणी लिहिला, तर त्यांच्याबरोबर तालमीला बसताना दुभाषा लागणार नाही.