जुनी नाणी : भंगार नव्हे, अमानत

व्यापारी बंधूंनो, जऊळक्याच्या एका शेतमजुराने आमच्या कापड दुकानात नांगरटीत निघालेली हिरवी नाणी आणून ठेवली. भंगारवाला ती किलोच्या भावाने मागत होता. त्यातले एक आम्ही चिंच व राख लावून घासले. चकाकी आली, अक्षरे गेली. बाकीची त्याने जिल्हाधिकारी कचेरीत जमा केली. आमची चूक आपल्या हातून होऊ नये, म्हणून हा पाठ.

आपल्याच वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा (ता. मंगरूळपीर) येथे 1939 साली सातवाहन राजांच्या नाण्यांचा मोठा दफिना सापडला. तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रणाची ही नाणी. एका बाजूस हत्ती, दुसऱ्या बाजूस फुलीने जोडलेली चार वर्तुळे. वा. वि. मिराशींनी त्यांवरील अक्षरे वाचली आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी ही विसरलेली नावे पुढे आली. ती नाणी भट्टीत गेली असती तर ही नावेही वितळली असती.

त्याच काळात रोमशी आपला व्यापार होता. तगर म्हणजे आजचे तेर. तेथून साधे कापड व मलमल भडोच बंदरास जाई. बदल्यात रोमची सोन्या-चांदीची नाणी येत. रोमची लहान तांब्याची नाणी मुख्यतः तामिळनाडूत, करूर-मदुराई भागात मिळतात. बादशहाचे मुख आणि भोवती लॅटिन अक्षरे, ही त्यांची ओळख. नकली नाणे बहुधा ओतीव असते : कडेला साच्याची शिवण, अंगावर बारीक छिद्रे, अक्षरे बोथट.

आता कायदा. 1878 च्या दफिना कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मूळ मालक न निघाल्यास, वेगळा करार नसेल तर, शोधणाऱ्यास तीन चतुर्थांश व जमीनमालकास एक चतुर्थांश हिस्सा मिळतो. सरकारने ऐवज ठेवून घेतल्यास धातूची किंमत व तिचा पाचवा हिस्सा अधिक देते. लपविल्यास हिस्सा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरील नाणी परदेशी पाठविण्यास खाजगी माणसास बंदी आहे. त्यांचा धंदा करण्यासाठी परवाना लागतो.

छंद असेल तर परवानाधारकाकडूनच घ्या, पावती मागा. नाणे घासू नका. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर ते नाणे वेगळे काढा. ओलाव्याने ती कीड वाढते. अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संस्था आहे.

तांबट आणि भंगाराचे व्यापारी बंधू, आपल्या तराजूत हिरवे नाणे आले तर क्षणभर थांबा. किलोमागे चार पैसे सुटतील, पण गरिबाचा हिस्सा आणि आपल्या मुलुखाची याद दोन्ही जातील.