भीती आणि लेकराचे शरीर



आपले धर्माबाद लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात मोंढ्यावरून जाताना डोळ्यांत पाणी येते, ठसका लागतो. घरी येऊन तोंडावर पाणी मारले की सारे शांत होते. परंतु ज्या लेकराचे घरच मोंढा झाले असेल, त्याने कोठे जावे?

भीतीचेही असेच आहे. हात उगारला जाताच मुलाच्या मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनलिन व कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात उतरतात. काळीज धडधडते, अंग ताठरते, भूक मरते. ही अल्लाहने दिलेली संरक्षणाची व्यवस्था आहे आणि प्रसंग सरताच ती शांत व्हावयास हवी. मार, शिव्या व पाणउतारा नित्याचा झाला की ती शांत होत नाही. मग झोप मोडते, पाठांतर टिकत नाही, पोट दुखू लागते. अमेरिकेत डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, बालपणी स्वतःचा छळ, आईला होणारी मारहाण, घरातील व्यसन असे अनुभव जितक्या अधिक प्रकारांचे, तितके मोठेपणी हृदयविकार, फुफ्फुसांचे जुनाट आजार व नैराश्य अधिक. आपल्या देशात केंद्र सरकारच्या २००७ च्या अहवालासाठी १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलण्यात आले. दर तिघांपैकी दोघांनी मार खाल्लेला होता.

मी हे दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. मकतबमध्ये शिकवू लागलो तेव्हा छडी माझ्याही हाताशी असे. आठ वर्षांचा एक मुलगा रोज सबकच्या वेळी पोट दुखते म्हणे. मी त्याला बहाणेबाज ठरवले आणि त्यासाठीही मारले. एके दिवशी त्याची आजी आली व शांतपणे म्हणाली, "जुम्मे के दिन इसका पेट नै दुखता, मौलानासाब."

येथे काही बांधव नमाजविषयीची हदीस पुढे करतील. त्या हदीसमध्ये सातव्या वर्षी सांगण्याचा व दहाव्या वर्षी शिक्षेचा उल्लेख आहे. म्हणजे मध्ये तीन वर्षे केवळ समजावण्याची. शिवाय हनफी फिक्हच्या ग्रंथांत हाताने, काठीने नव्हे, आणि तीनपेक्षा अधिक नाही, अशी बंधने आहेत. चेहऱ्यावर मारणे तर निषिद्धच. माझा विद्यार्थी आठ वर्षांचा होता आणि त्याचा अपराध मखरज चुकण्याचा होता! हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली, या काळात प्रेषितांनी त्यांना कधी 'उफ्'देखील म्हटले नाही.

मग पोळलेले मूल सावरते कशाने? हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. अत्यंत बिकट घरांतील सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार व प्रेमळ माणसे झाली. अशा मुलांना विश्वासाचे निदान एक माणूस लाभले होते: आजी, मावशी, शिक्षक. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पितृछत्र जन्मापूर्वीच हरपले, सहाव्या वर्षी आई गेली, आठव्या वर्षी आजोबा, मग चुलते अबू तालिब यांनी जवळ केले. सूरह अद्-दुहामध्ये अल्लाहने या आश्रयाची आठवण दिली आहे, आणि तेथेच अनाथावर दडपशाही करू नये असे बजावले आहे.

आपल्या मोहल्ल्यात एखादे लेकरू मार खात असेल तर 'त्यांच्या घरचा मामला' म्हणू नका. १०९८ हा क्रमांक विनाशुल्क आहे. ताब्यातील मुलावर क्रूरता करणे बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार गुन्हा आहे. लैंगिक अत्याचार असेल तर पॉक्सो कायद्याने माहिती देणे बंधनकारक आहे. तेथे खानदानाची इज्जत आड आणणे म्हणजे जालिमची पाठराखण करणे होय.

त्या आजीसमोरच मी मुलाची माफी मागितली. छडी संध्याकाळी मोडली. पोटदुखी मात्र लगेच गेली नाही, दोन-अडीच महिने लागले. तोवर तो माझ्यापासून हातभर दूर बसून सबक देत असे. आता गुडघ्याला टेकून बसतो आणि चुकला की स्वतःच हसतो.