मळणीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या डिझेल व तेल नळ्यांचे उष्णतेपासून संरक्षण

गव्हाची मळणी फाल्गुन-चैत्रात येते. त्या दिवसांत वारा कोरडा असतो, खळ्यावर वाळलेले काड पसरलेले असते आणि ट्रॅक्टर एकाच जागी उभा राहून तासन् तास हडंबा चालवीत असतो. अशा वेळी आग लागली की सायलेन्सरमधून ठिणगी उडाली असे म्हटले जाते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु दुसरे एक कारण बॉनेटखाली दडलेले असते व त्याकडे सहसा लक्ष जात नाही. ते म्हणजे तापलेल्या भागाजवळून गेलेली, झिरपणारी नळी.

आग कशी लागते?

इंजिनावर पूर्ण भार असताना धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचा पृष्ठभाग ४०० अंश सें. पेक्षाही अधिक तापू शकतो. साधारण रबरी होज सुमारे १०० अंशांपर्यंतच टिकते आणि प्लॅस्टिकची नळी त्याआधीच मऊ पडते. पुरेशा तापलेल्या धातूवर पडलेले डिझेल ठिणगी नसतानाही पेटू शकते. त्यातच भुसकट साचलेले असेल तर ते डिझेल शोषून वातीसारखे काम करते. हायड्रॉलिकचे तेल तर मोठ्या दाबाखाली असते. होजला बारीक छिद्र पडले तरी तेल धुक्यासारखे उडते आणि असे धुके लवकर पेट घेते.

कोणत्या नळ्या तपासाव्यात?

१) ओव्हरफ्लो पाईप : नोझलमधील जादा डिझेल परत नेणारी ही बारीक नळी इंजिनाच्या डोक्यावरच असते. ती कडक होऊन तडकते, म्हणून सर्वांत आधी हीच पाहावी.
२) टाकीपासून फीड पंप व फिल्टरपर्यंतचा डिझेल पाईप, त्याचे जोड व वॉशर.
३) हायड्रॉलिकच्या होज, विशेषतः वाकणाच्या व घासण्याच्या जागा.

इंजिन थंड असताना नळी बोटांत धरून वाकवून पाहावी. भेगा दिसल्यास, नळी फुगलेली, चिकट किंवा कडक झालेली असल्यास ती बदलावी. हायड्रॉलिकची गळती हाताने कधीही चाचपू नये. दाबाखालील बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते व इजा गंभीर होते. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून डाग पडतो का ते पाहावे.

संरक्षणाचे उपाय

अंतर : नळी मॅनिफोल्ड व सायलेन्सरपासून शक्यतो वीतभर दूर न्यावी. मूळ मार्ग बदललेला असल्यास तो पूर्ववत करावा.

आडोसा : अंतर ठेवणे शक्य नसेल तेथे मध्ये अॅल्युमिनियमचा किंवा लोखंडी पत्रा बसवावा. पत्रा तापलेल्या भागाला किंवा नळीला टेकू देऊ नये. दोन्ही बाजूंनी हवा खेळण्यास दोन-तीन सेंटिमीटर जागा ठेवावी. अॅल्युमिनियमचा चकचकीत पत्रा उष्णता परतवितो. त्यावर काजळी चढली की हा गुण कमी होतो, म्हणून तो पुसत जावा.

आवरण : सिलिकॉनचा लेप असलेली काचतंतूंची बाही नळीवर चढवावी. जुनी अॅस्बेस्टॉसची दोरी वापरू नये. तिचे तंतू फुप्फुसास घातक असतात.

पकड : नळी रबर लावलेल्या क्लिपने जागोजागी बांधावी, म्हणजे ती हादऱ्याने घासणार नाही. बॅटरीची वायर व डिझेल पाईप एकत्र बांधू नयेत.

या चुका टाळाव्यात

फाटलेल्या नळीवर सायकलची ट्यूब गुंडाळणे, तारेने जोड आवळणे किंवा पारदर्शक पाण्याची नळी डिझेलसाठी लावणे धोक्याचे आहे. काही जण होजवर गोणपाट गुंडाळतात. ते तेल शोषते व संरक्षणाऐवजी सरपणच होऊन बसते.

मळणीच्या दिवशी

वाऱ्याचा रोख पाहून भुसा ट्रॅक्टरपासून दूर पडेल अशी मांडणी करावी. सायलेन्सरला ठिणगी अडविणारी जाळी बसवावी. अधूनमधून यंत्र थांबवून, इंजिन थोडे निवल्यावर, रेडिएटरची जाळी व मॅनिफोल्डभोवतीचे भुसकट झाडावे. काम संपताच इंजिन एकदम बंद करू नये. पंखा थांबला की बॉनेटखालील उष्णता काही वेळ वाढते. म्हणून भार काढून तीन ते पाच मिनिटे मंद गतीवर चालू ठेवावे. ट्रॅक्टर काडावर उभा करू नये.

आग लागल्यास

प्रथम इंजिन बंद करावे, कारण ते चालू असेपर्यंत पंप आगीला इंधन पुरवीत राहतो. अनेक ट्रॅक्टरांत टाकी उंचावर असते व इंजिन थांबले तरी डिझेल वाहते. म्हणून हात पोहोचत असेल तर टाकीचा कॉकही बंद करावा. बॉनेट पूर्ण उघडू नये, हवा मिळून आग भडकते. सुक्या पावडरीच्या अग्निशामकाची पिन काढून फवारा फटीतून ज्वाळेच्या बुडाशी मारावा. पावडर काही सेकंदांतच संपते, म्हणून ती वाया घालवू नये. पेटत्या डिझेलवर पाणी ओतू नये, माती टाकावी. पाण्याचे पिंप काडासाठी ठेवावे. आग हाताबाहेर गेल्यास यंत्राचा मोह सोडून सर्वांनी दूर व्हावे.

अग्निशामक बॉनेटखाली न ठेवता मडगार्डजवळ, चटकन हाती येईल असे बसवावे. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे हंगामापूर्वी पाहावे.

नळी बदलणे हे काही वेळाचे काम आहे. खळ्यावर मात्र वर्षभराचे धान्य, जनावरांची वैरण आणि आपली माणसे असतात. म्हणून हडंबा जोडण्यापूर्वी एकदा बॉनेट अवश्य उघडून पाहावे.