पावसाळी मुलखात घरगुती विद्युत उपकरणांचा सुरक्षित वापर

मुळशी तालुक्याचा आणि विजेचा संबंध फार जुना आहे. मुळा व निळा या नद्यांचे पाणी अडविणाऱ्या टाटा कंपनीच्या धरणाला येथील शेतकऱ्यांनी १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करून विरोध केला. पुढे धरण झाले, १९२७ साली घाटाखाली भिरा येथील वीजगृह सुरू झाले आणि मुळशीच्या पाण्यावर निर्माण होणारी वीज मुंबईस जाऊ लागली. आज वीज आपल्याही घरात आली आहे. दूरदर्शन संच, फ्रिज, मिक्सर, गिझर, इन्व्हर्टर व मोबाइलचा चार्जर या वस्तू आता चैनीच्या राहिलेल्या नाहीत. परंतु या वस्तू घेताना किंमत व टिकाऊपणा यांचा जितका विचार होतो, तितका त्या ज्या भिंतीला जोडावयाच्या त्या भिंतीतील वायरिंगचा होत नाही. धोका मात्र बहुधा तेथेच दडलेला असतो.

आपल्या भागात हा विचार विशेष अगत्याचा आहे. २५ जुलै २०२४ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणी घाटात ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच पहाटे पुणे शहरात पुलाची वाडी येथे, पाणी वाढू लागले म्हणून आपली हातगाडी हलविणारे तीन तरुण विजेच्या धक्क्याने मृत्युमुखी पडले. पाणी आणि गळकी वीज एकत्र आली म्हणजे काय होते, याचे हे दुःखद उदाहरण आहे. आपल्याकडे तर पावसाळ्याचे चार महिने भिंती, ओटा, अंगण व गोठा ओलेच असतात.

धक्का का बसतो?

घरात येणाऱ्या विजेचा दाब साधारणपणे २३० व्होल्ट असतो. शेतातील पाणी जसे उताराकडे वाट शोधते, तसा विद्युतप्रवाह जमिनीकडे जाण्याची वाट शोधतो. उपकरणाच्या आतील तारेचे आवरण झिजले किंवा आत ओल शिरली, की त्याच्या पत्र्यात वीज उतरते. अशा उपकरणास अनवाणी पायाने, ओल्या जमिनीवर उभे राहून हात लावला, तर माणसाचे शरीर हीच प्रवाहाची वाट बनते.

कोरड्या कातडीचा विरोध बराच असतो. ओल्या कातडीचा तो एक हजार ओहमपर्यंत, कधी त्याहूनही खाली येतो. २३० व्होल्टला एक हजार ओहमने भागले असता शरीरातून जाणारा प्रवाह ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर निघतो. सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाहाने हाताचे स्नायू आखडून धरलेली वस्तू सोडवत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह क्षणभर छातीतून गेला, तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. धक्का बसूनही पूर्वी काही झाले नाही, म्हणून पुढेही काही होणार नाही, असे मानणे म्हणूनच घातक आहे. त्या वेळी कदाचित पाय कोरडे असतील; आषाढात ते तसे नसतात.

फ्यूज तारेचा राखणदार, माणसाचा नव्हे

घरात फ्यूज किंवा एमसीबी आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. दिव्यांच्या फळीवरील एमसीबी बहुधा ६ अँपिअरचा असतो. त्याहून अधिक प्रवाह वाहू लागला, तर तारा तापून आग लागू नये म्हणून तो खाली पडतो. वरील हिशोबात माणसाच्या शरीरातून जाणारा प्रवाह पाव अँपिअरही नाही. त्या प्रवाहाने माणूस दगावेल. पण ६ अँपिअरच्या एमसीबीला त्याची दखलही लागणार नाही. फ्यूजच्या जागी जाड तार बांधणाऱ्याचे तर तारेचेही रक्षण नाहीसे होते.

माणसाच्या रक्षणासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली अर्थिंग आणि दुसरी गळती ओळखून वीज तोडणारा स्विच. या दोहोंची जोडी बैलजोडीसारखी आहे. एकाने काम भागत नाही.

अर्थिंग, म्हणजे तिसरी तार

प्लगच्या तीन पिनांपैकी जी पिन जाड व लांब असते, ती अर्थिंगची होय. उपकरणाच्या पत्र्यात उतरलेली वीज या पिनेतून व हिरव्या तारेतून जमिनीत जाते. पुष्कळ घरांत तिसरे भोक दिसते, पण त्याच्या मागे तार जोडलेलीच नसते. काही ठिकाणी ती जाड पिन कापून टाकतात, तर काही ठिकाणी प्लगच न लावता तारेची उघडी टोके काडी खोचून भोकात बसवितात. या सर्व प्रकारांनी आपण आपलेच कवच उतरवून ठेवतो.

अर्थिंगसाठी सुमारे ४० मिलिमीटर व्यासाचा व अडीच मीटर लांबीचा जस्त चढविलेला नळ, घराच्या भिंतीपासून निदान दीड मीटर अंतरावर, जेथे ओल टिकते अशा जागी उभा पुरावा. आपल्या भागात मातीचा थर अनेक ठिकाणी उथळ असून खाली काळा कातळ लागतो. कातळातून प्रवाह सहज जात नाही. म्हणून जागा निवडताना परसातील खोल मातीची जागा पाहावी आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे. न्यूट्रलच्या तारेलाच अर्थिंगची तार जोडून देण्याची युक्ती काही जण करतात. ती कदापि करू नये. न्यूट्रल कोठे तुटली, तर घरातील प्रत्येक उपकरणाच्या पत्र्यात वीज उतरेल.

गळती ओळखणारा स्विच

केवळ अर्थिंगवर विसंबता येत नाही, त्याचेही कारण हिशोबाने पाहू. कातळ जमिनीत अर्थिंगचा विरोध ५० ओहम आहे असे धरा. फ्रिजच्या पत्र्यात वीज उतरली, तर जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर होईल. तेवढ्याने ६ अँपिअरचा एमसीबी पडणार नाही आणि फ्रिजच्या पत्र्यात वीज तशीच राहील.

येथे आरसीसीबी नावाचा स्विच उपयोगी पडतो. वायरमन याला बहुधा ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो की नाही, हे तो सतत ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरइतकी तफावत पडली, की सेकंदाच्या लहानशा अंशात तो वीज तोडतो. वरील उदाहरणातील ४.६ अँपिअर गळती त्याच्या मर्यादेच्या दीडशेपट आहे. तो तत्काळ पडेल. घरासाठी ३० मिलिअँपिअर क्षमतेचाच आणि भारतीय मानक चिन्ह असलेला स्विच घ्यावा. याबाबत पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

१. या स्विचवर चाचणीचे एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. स्विच पडला तर तो ठीक आहे. न पडल्यास बदलावा.

२. फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांना एकाच वेळी स्पर्श झाला, तर या स्विचला ते कळत नाही. म्हणून तो आहे, या भरवशावर चालू तारांशी खेळू नये.

३. तो एमसीबीची जागा घेत नाही. दोन्ही हवेत.

४. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या दिव्यांना व पंख्यांना मुख्य फळीवरील या स्विचचे संरक्षण मिळेलच असे नाही. त्या जोडणीवर वेगळा स्विच बसवावा लागतो का, हे वायरमनकडून पाहून घ्यावे. मुख्य स्विच बंद केला तरी इन्व्हर्टरच्या तारांत २३० व्होल्ट असतात, हेही विसरू नये.

पावसाळ्यात हा स्विच वारंवार पडतो, म्हणून तो काढून टाकल्याची उदाहरणे गावोगाव ऐकू येतात. भुंकणाऱ्या राखणीच्या कुत्र्याला हाकलून देण्यासारखेच हे आहे. स्विच पडतो याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. अशा वेळी सर्व प्लग काढावेत, स्विच वर करावा आणि मग एकेक उपकरण जोडीत जावे. ज्याच्यासरशी स्विच पडेल ते उपकरण सदोष समजून दुरुस्तीस द्यावे. एकही उपकरण न जोडता स्विच पडत असेल, तर ओल भिंतीतील वायरिंगमध्ये आहे. परवानाधारक वायरमनला बोलवावे.

निरनिराळ्या उपकरणांबाबत

पाणी तापविण्याचा रॉड : घरातील सर्वांत धोक्याचे उपकरण हेच होय. प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालून ऊब पाहू नये. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण बटण चुकून न्यूट्रलवर बसविलेले असू शकते. रॉड लावलेली बादली मुलांच्या वाटेत ठेवू नये.

गिझर व इस्त्री : २००० वॉटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. ६ अँपिअरच्या सॉकेटवर १३८० वॉटपर्यंतच भार घालता येतो. म्हणून अशा उपकरणांस १६ अँपिअरचे सॉकेट व जाड तारेची स्वतंत्र जोडणी हवी. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर गिझर, इस्त्री व मिक्सर चालविणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय.

फ्रिज व धुलाई यंत्र : ही लाकडी फळीवर किंवा कोरड्या ओट्यावर ठेवावीत. ओल्या पायांनी वा ओल्या हातांनी दार उघडू नये. पत्र्याला हात लावताच किंचित झिणझिणी आली, तर ती गळतीची पहिली खूण समजावी व उपकरण त्याच दिवशी बंद करावे.

इन्व्हर्टरची बॅटरी : चार्ज होताना तीतून पेट घेणारा वायू निघतो. ती हवेशीर जागी, चूल व देवघरातील समईपासून दूर असावी. तीत शुद्ध केलेलेच पाणी घालावे. विहिरीचे घालू नये.

मोबाइल : चार्जिंगला लावून उशीखाली ठेवू नये. बॅटरी फुगली असेल तर फोन वापरणे थांबवावे. जुनी बॅटरी उकिरड्यावर वा चुलीत न टाकता ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावी.

दिवे एकाएकी फार प्रखर झाले, तर बाहेरच्या वाहिनीची न्यूट्रल तुटली असण्याचा संभव असतो. अशा वेळी दाब २३० वरून ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. ताबडतोब मुख्य स्विच बंद करावा व महावितरणला कळवावे.

वळीव व परतीचा पाऊस

आषाढ-श्रावणातील संततधारेत ओल अधिक, पण आकाशातील विजा तुलनेने कमी असतात. त्या जास्त पडतात वैशाख-ज्येष्ठातील वळवात आणि आश्विनातील परतीच्या पावसात. वीज घरावरच पडावी लागते असे नाही. जवळच्या वाहिनीवर पडली तरी तिचा झटका तारेतून घरात येतो. दूरदर्शन संचास तर दोन वाटा असतात, एक विजेच्या प्लगची व दुसरी छपरावरील डिशच्या केबलची. म्हणून गडगडाट ऐकू येण्यापूर्वीच, आभाळ भरून येताच, दोन्ही काढून ठेवाव्यात. वादळ माथ्यावर आल्यावर मात्र प्लग काढावयास जाऊ नये. उपकरणापेक्षा जीव मोलाचा आहे. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप मोबाइलवर घेतल्यास आसपासच्या विजांची सूचना मिळते. भात लावणाऱ्या व काढणाऱ्या मजुरांसाठीही ते उपयुक्त आहे.

गोठा व अंगण

जनावरास विजेचा धक्का माणसापेक्षा लवकर बाधतो. त्याच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक असल्याने जमिनीत उतरलेली वीज एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते आणि वाटेत हृदय येते. म्हणून गोठ्यातील दिव्याची वायर नळीतून, जनावरांच्या शिंगांच्या व जिभेच्या टप्प्याबाहेर न्यावी. कडबाकुट्टी यंत्रास अर्थिंग असल्याखेरीज ते चालवू नये. विजेच्या खांबास किंवा त्याच्या ताणतारेस जनावर बांधू नये. कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार घराच्या पत्र्याला वा खांबाला बांधण्याऐवजी सुताची किंवा नायलॉनची दोरी वापरावी. वीज घेतलेली तार पत्र्यास घासली, तर सारे छप्पर व त्यास बांधलेली ती तार एकदमच जिवंत होते.

अपघात झाल्यास

धक्का बसलेल्या माणसास एकदम हात लावू नये. प्रथम मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या काठीने तार दूर करावी. बाहेर तुटून पडलेल्या वाहिनीजवळ मात्र काठी घेऊनही जाऊ नये. लोकांस व जनावरांस दूर ठेवून १९१२ या क्रमांकावर कळवावे. १०८ वर रुग्णवाहिका मागवावी. माणूस शुद्धीवर नसेल व श्वास चालत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटास १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये. मातीत ठेवणे, शेण लावणे यांत वेळ दवडू नये. आकाशातील वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्यास लगेच हात लावून मदत करता येते.

मृगापूर्वी करावयाची कामे

पेरणीपूर्वी आपण बियाण्याची उगवण तपासून पाहतो. त्याचप्रमाणे दरवर्षी मृग नक्षत्र लागण्यापूर्वी पुढील कामे उरकून घ्यावीत.

१. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे.

२. आरसीसीबी नसल्यास बसवावा. असल्यास बटण दाबून पाहावे.

३. तडकलेली बटणे, काळवंडलेले प्लग, चिकटपट्टी गुंडाळलेल्या वायरी बदलाव्यात.

४. छपराचे गळणारे पाणी मीटर किंवा स्विचबोर्डावर येत असल्यास ते बंद करावे.

५. मीटरपर्यंतची तार सैल किंवा फांद्यांत अडकलेली असल्यास महावितरणला कळवावे. स्वतः फांद्या तोडू नयेत. मीटरपुढील वायरिंगची जबाबदारी मात्र आपली आहे.

६. मुख्य स्विच कोठे आहे व तो कसा बंद करावा, हे घरातील प्रत्येकास, मुलांस व वृद्धांसही, दाखवून ठेवावे.

या सर्वांस लागणारा खर्च एका साध्या फ्रिजच्या किमतीहून पुष्कळ कमी आहे. नवे उपकरण घेण्याचा विचार असेल, तर त्याआधी हा खर्च करावा. घरातील बाया-माणसे ओल्या हातांनी कामे करतात व मुले अनवाणी वावरतात. अर्थिंग व आरसीसीबी ही व्यवस्था प्रथम त्यांच्यासाठी आहे. शेतकरी बंधु-भगिनींनी या वर्षी पहिला पाऊस पडण्यापूर्वीच आपल्या घराची अशी तपासणी करून घ्यावी.