दुसऱ्या खुब्याचा विचार

खुब्याच्या अस्थिभंगावर शस्त्रक्रिया झालेला वृद्ध रुग्ण वॉकर घेऊन चालू लागला की घरचे पेढे आणतात आणि आम्हा अस्थिशल्यविशारदांनाही कृतकृत्य वाटते. दुसऱ्या बाजूच्या खुब्याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. वास्तविक एक हाड साध्या पडण्याने मोडले, याचा अर्थ दुसरेही तितकेच ठिसूळ असण्याचा संभव आहे.

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासाचे याविषयीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या अस्थिभंगानंतर वर्षभरात २.५ टक्के, तर पाच वर्षांत ८.२ टक्के रुग्णांचा दुसरा खुबा मोडला. पहिल्यानंतर वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. दुसऱ्यानंतर ते २४ टक्क्यांवर गेले. वाढत्या वयाखेरीज आणखी एक घटक त्यात दिसला, तो मला फार बोलका वाटतो. ज्यांची कार्यक्षमता बरी होती, त्यांनाच धोका अधिक होता. जो हिंडतोफिरतो, तोच पडणार! म्हणून आजीला खाटेवर बसवून ठेवावे, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. त्याने स्नायू आणि हाडे दोन्ही खंगतात.

तेव्हा रुग्ण का पडला, हे खोदून विचारले पाहिजे. रात्री लघवीला उठताना की ओल्या न्हाणीघरात? झोपेची गोळी चालू आहे काय? उठून उभे राहताच रक्तदाब उतरतो काय? कंपवात, स्मृतिभ्रंश, पूर्वीची पडझड यांचीही नोंद हवी. आपल्या जुन्या घरांतील उंच उंबरठे आणि मिणमिणते दिवे हेही रोगाच्या इतिहासातच धरावेत.

औषधांबाबत आपण अकारण कंजूष आहोत. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या लिहून देणे म्हणजे ठिसूळ हाडांवरचे उपचार नव्हेत. शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रोनिक आम्लाचे वर्षातून एक इंजेक्शन सुरू केल्यास नवे अस्थिभंग ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी घटल्याचे २००७ मधील एका मोठ्या चाचणीत दिसले. अर्थात, त्याआधी मूत्रपिंडांचे कार्य तपासावे आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव भरून काढावी. अन्यथा रक्तातील कॅल्शियम घसरू शकते.

मोतीबिंदूचे काम नातेवाईक ‘पाय बरा झाल्यावर पाहू’ म्हणून पुढे ढकलतात. रुग्ण हिंडूफिरू लागला की ते लगेच उरकून घ्यावे, असे मी त्यांना पहिल्याच फेरतपासणीत सांगतो.