अळिंबी आणि मधुमेह : आहार की औषध?

अळिंबीच्या भुकटीने मधुमेह मुळापासून बरा होतो, असा प्रचार करणाऱ्या जाहिराती अलीकडे खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचल्या आहेत. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही आहेत. तेव्हा या प्रचाराची शहानिशा होणे अगत्याचे आहे.

प्रचाराला मुळीच आधार नाही, असे नव्हे. अळिंबीच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकान नावाचा तंतुमय पदार्थ असतो. मानवी पाचकरसांनी तो पचत नाही. त्याच्या विरघळणाऱ्या अंशामुळे आतड्यातील अन्नरस दाट होतो व शर्करेचे शोषण मंदावते. चीनमध्ये लिंगझी व जपानमध्ये रेशी म्हणून ओळखले जाणारे गॅनोडर्मा हे लाकडासारखे कठीण कवक. त्यातील काही संयुगे पिष्टमय पदार्थांचे पचन करणाऱ्या अल्फा-ग्लुकोसायडेझ या विकराला अटकाव करतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. मधुमेहावरील अकार्बोज हे औषधही याच विकराला रोखते. परंतु परीक्षानळीत घडते ते रुग्णाच्या शरीरात घडेलच, असे नाही.

कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये गॅनोडर्मावरील पाच चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांत एकूण ३९८ व्यक्ती होत्या. मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दर्शविणाऱ्या एचबीए-वन-सी या मापात लक्षणीय घट दिसून आली नाही. उलट आपल्या परिचयाच्या धिंगरीबाबत ढाक्यातील निष्कर्ष अधिक आशादायक होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८९ मधुमेही रुग्णांची शर्करा धिंगरी खाताना उतरली आणि ती बंद करताच पुन्हा चढली. मात्र हा प्रयोग जेमतेम २४ दिवसांचा होता.

म्हणजे धिंगरीचे स्थान ताटात आहे, औषधाच्या कपाटात नव्हे. गव्हाच्या काडावर किंवा भाताच्या पेंढ्यावर ती सहज वाढते. ताज्या धिंगरीत सुमारे नव्वद टक्के पाणी असून पिष्टमय पदार्थ अल्प असतात. बटाट्याच्या भाजीऐवजी ती मधुमेह्यास खुशाल द्यावी. गोळ्या किंवा इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नये. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन बंद झाल्यास काही दिवसांतच प्राणावर बेतते. भुकटी घेत असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये.

पावसाळ्यात रानात उगवणारी अनोळखी छत्री औषध म्हणून कोणी आणून दिली, तर ती चुलीपर्यंतही नेऊ नये. अमॅनिटा जातीतील काही छत्र्यांचे विष शिजवूनही नष्ट होत नाही. उलट्या-जुलाब सहा तासांनंतर सुरू होतात आणि तोवर विष यकृतापर्यंत पोहोचलेले असते.